पालकाचा तास

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात मूल असते, शाळा असते, शिक्षक असतो, अलीकडे कायदाही असतो. पालक येतो तो सहीपुरता, बैठकीच्या हजेरीपुरता, नाहीतर तक्रार करण्यापुरता. विशेष शिक्षकाने मुलाला शिकवावे आणि वेळ उरलाच तर आईशी दोन शब्द बोलावेत, असा आजचा क्रम आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांपुरता तरी हा क्रम उलटा करावा लागेल, असे या प्रस्तावनेत मांडायचे आहे. पालकासाठीचा तास वेळापत्रकात आधी बसला पाहिजे आणि त्याच्याभोवती बाकीची आखणी झाली पाहिजे. हे दयाबुद्धीने म्हणत नाही. या भागातली अंतरे, इथल्या बोली, मजुरीचे हंगाम आणि तज्ज्ञांचा तुटवडा एकत्र धरले तर दुसरा हिशेब जमतच नाही.

आधी हा प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाखांवर आणि धुळ्याची साडेवीस लाखांच्या आसपास होती. त्याच जनगणनेने देशातल्या अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के सांगितले. पुढे 2018 मध्ये देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी करून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर गोवा हे त्या पाचांपैकी एक ठिकाण होते. ऐकणे, पाहणे, शिकणे, बोलणे, लक्ष लागणे, फिट्स, स्वमग्नता असे मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकारचे दोष त्यात तपासले गेले आणि साधारण आठातल्या एका मुलात त्यांतला निदान एक आढळला. दोन्ही आकडे एकच गोष्ट मोजत नाहीत, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. तरीही त्यांच्यातली दरी पुष्कळ काही सांगते. प्रगणक दारात येऊन विचारतो तेव्हा घरातले लोक डोळ्यांना दिसते तेवढे सांगतात: पाय अधू आहे, ऐकू येत नाही, दिसत नाही. चौथीत जाऊनही ज्याला ‘कमळ’ वाचता येत नाही, त्या मुलाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. तो ‘ढ’ ठरतो, ‘वांड’ ठरतो, आणि सातवी-आठवीत शाळा सोडून केळीच्या गाडीवर घड भरायला लागतो. असे मूल सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते? बहुतेक वेळा आईच्या. तिला त्याचे नाव माहीत नसते, एवढेच.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण फार मागे नाही. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, अपंग मुले वंचित गटात आली आणि तीव्र वा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. लक्षणीय अपंगत्व, म्हणजे निदान चाळीस टक्के, असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करण्याचे बंधनही घातले. ज्या मुलाला फार मोठ्या आधाराची गरज आहे त्याच्यासोबत येणाऱ्या माणसाच्या वाहतुकीचा उल्लेखही त्यात आहे. आपल्या राज्याने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर पालकांना आणि सांभाळ करणाऱ्यांना मार्गदर्शन देण्याला प्राधान्य असेल, असे स्पष्ट वाक्य आहे. पण त्या वाक्यामागे कोणत्या कर्मचाऱ्याने, आठवड्याच्या कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत पालकासमोर बसायचे, हे कुठे लिहिलेले नाही. ज्या कामाला वेळापत्रकात जागा नसते ते काम आपल्या शाळांमध्ये होत नाही. कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारून पाहावे.

आजचा पालक प्रत्यक्षात काय करतो, ते दाखल्याच्या निमित्ताने जवळून पाहण्यासारखे आहे. ‘अपंगाचा दाखला’ (आता त्यासोबत यूडीआयडी कार्ड) हाती आल्याशिवाय पुढची बहुतेक दारे उघडत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा म्हणून आधी गावातल्या सेतू किंवा सीएससी केंद्रात जायचे. तिथे आधारवरचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव जुळत नाही, मग नावातला काना-मात्रा दुरुस्त करण्यासाठी वेगळी फेरी. नंतर जिल्ह्याच्या सिव्हिलला तपासणीचा जो वार असेल त्या वारी जायचे. शिरपूर ते धुळे पन्नासेक किलोमीटर, साक्रीचेही तेवढेच, रावेरहून जळगाव त्याहून लांब. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट झाले ही मोठी सोय आहे, पण ऐन कापूस वेचणीत एक दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी अर्धी बुडत नाही, पूर्ण बुडते. रांगेत चार तास बसलेले, गर्दीने बिथरलेले मूल डॉक्टरांपुढे जाते तेव्हा त्याच्याकडून एरवी येते तेवढेही काम येत नाही. कधी उलटेही होते. घरी दिवसभर डोके आपटणारे मूल तिथे गुपचूप बसून राहते आणि टक्के कमी लागतात. मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी रजेवर असला तर पुढची तारीख. यात कोणी खलनायक नाही. पण या साऱ्या फेऱ्यांत त्या बाईला एकाही माणसाने खाली बसवून सांगितलेले नसते की मुलाला नेमके काय झाले आहे, ते औषधाने जाणारे आहे की नाही, आणि उद्या सकाळपासून घरी काय करायचे. तिच्या हातात कागद पडतो आणि त्यावर टक्केवारी असते.

साधी माहिती वेळेवर मिळण्याचेही किती मोल असते, त्याचे एक उदाहरण याच भागातले आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण जळगावपेक्षा धुळे त्याला जवळ. 2017 च्या नियमांप्रमाणे दाखल्याचा अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच जिथे मुलावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयातही करता येतो. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ज्याच्या मुलाचे उपचार चालू आहेत अशा चाळीसगावच्या बापाला ही ओळ कोणी सांगितली तर त्याच्या फेऱ्या वाचतील. ती सांगणे हे आज कोणाचेच ठरलेले काम नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आठवड्यात 168 तास असतात. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येऊन मुलासोबत तासभर बसला तरी उरलेल्या 167 तासांत मूल आईजवळ, आजीजवळ, भावंडांत किंवा साध्या वर्गात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक शाळांमध्ये विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. ते उद्या जसेच्या तसे अमलात आले तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. शिक्षकाचा तो एक तास थेट मुलावर खर्च करावा, की त्यातला मोठा भाग 167 तास सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करावा, असा हा प्रश्न आहे. एका मुलाला एकदा घास भरवण्यापेक्षा त्याच्या घरी चूल पेटेल अशी तजवीज करणे अधिक शहाणपणाचे.

यावर पहिला आक्षेप तज्ज्ञांकडूनच येतो, आणि तो गंभीर आहे. थेरपी हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, कापूस वेचणाऱ्या, पाचवी शिकलेल्या बाईला ते कसे जमेल, उलट चुकीचे काही करून ठेवेल, असे ते म्हणतात. याचे उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून स्वमग्न मुलांच्या पालकांवर एक नियंत्रित चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वयाची 65 मुले त्यात होती. पालकांना शिकवणारे लोक डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. सुमारे आठ महिन्यांत बारा बैठका झाल्या. आई किंवा बाप मुलाशी खेळतानाचे थोडेसे चित्रीकरण करायचे आणि ते दोघांनी मिळून पाहायचे: इथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, तुम्ही थांबलात, म्हणून त्याने आवाज काढला, एवढे दाखवायचे. ज्या घरांना हे मिळाले तिथे पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद अधिक जुळता झाला आणि मुले आपण होऊन पालकांशी संवाद सुरू करू लागली. सगळेच सुधारले असे मात्र नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ उलट कमी झालेला दिसला. चाचणी लहान होती, तिच्यावर मनोरे बांधू नयेत. पण साधा आरोग्यसेवक आणि साधा पालक यांच्या हातून हे काम होऊ शकते, एवढे तिने दाखवले आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका गावोगाव असलेल्या जिल्ह्यांना एवढे पुरेसे आहे.

यात जादू काही नाही. मुलाला कळण्याची भाकरी आवडते. आई ताटात भाकरी वाढून मोकळी होते, मूल खाते, एक शब्दही निघत नाही. त्याऐवजी तिने भाकरीचा लहानसा तुकडा हातात धरावा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे आणि थांबावे. पाच आकडे मनात मोजावेत. मुलाने हात पुढे केला, नुसते ‘भ’ म्हटले, निदान तिच्याकडे बघितले, तरी तुकडा लगेच द्यावा आणि आपण पूर्ण शब्द म्हणावा. मग पुन्हा तुकडा, पुन्हा थांबणे. एका जेवणात असे दहा-बारा वेळा होते, त्याला वेगळा वेळ लागत नाही, खर्च शून्य. अवघड असते ते थांबणे, कारण भुकेल्या लेकराला ताटकळत ठेवणे कुठल्याही आईला जिवावर येते, आणि शेजारी बसलेली सासू ‘देऊन टाक ना त्याला’ म्हणतेच. म्हणून हे एकदा सांगून भागत नाही. कोणीतरी पाहायला, धीर द्यायला आणि सासूलाही समजवायला परत यावे लागते.

भाषेचा प्रश्न इथेच येतो, आणि खान्देशात तो जरा थांबून पाहण्याजोगा आहे. धुळे, अमळनेर, पारोळा पट्ट्यात घरात अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली, चोपडा-शिरपूरच्या सातपुड्याकडे पावरी आणि भिल्ली, तर साक्रीच्या पश्चिमेला आणखी वेगळ्या बोली. धुळे जिल्ह्यात तर जवळजवळ तिसरा हिस्सा लोक आदिवासी आहेत. वाचनातल्या अडचणी तपासण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 च्या सुमारास भारतीय भाषांतल्या चाचण्या तयार केल्या, त्यांत मराठी आहे, ही चांगली गोष्ट. पण ती पुस्तकी मराठी आहे. घरी पावरी बोलणारे मूल तिसरीत मराठी अडखळत वाचते, तेव्हा ती नव्या भाषेची अडखळ की अध्ययन अक्षमता, हे नुसत्या चाचणीच्या गुणांवरून ठरत नाही. इथे दोन्हीकडून चूक होते. काही मुलांवर नको तो शिक्का बसतो, तर काहींची खरी अडचण ‘आदिवासी आहे, शिकेल हळूहळू’ म्हणून वाहून जाते. मूल घरच्या बोलीत गोष्ट नीट सांगते का, बाजारातल्या चार वस्तू लक्षात ठेवते का, धाकट्या भावाच्या मानाने उशिरा बोलले का, हे फक्त पालक सांगू शकतात. म्हणजे निदान करतानाही पालकाचा तास हवा. शिवाय आईला ‘मुलाशी शुद्ध मराठीतच बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो, तो थांबला पाहिजे. दोन भाषा कानावर पडल्याने डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, असे संशोधनात दिसलेले नाही. या सल्ल्याने होते एवढेच की ज्या भाषेत आई हसते, रागावते, लाड करते, तीच तिच्याकडून काढून घेतली जाते. उरलेल्या भाषेत ती मुलाशी मोजून-मापून बोलते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पहाटे उठून पाणी भरणारी, स्वयंपाक करून शेतात जाणारी, परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसणारी जी बाई आहे तिच्याच डोक्यावर आता थेरपीही ठेवायची का? शासनाने शिक्षक नेमायचे टाळावे आणि ‘पालकांचा सहभाग’ असे गोंडस नाव देऊन काम आईवर ढकलावे, हा धोका खरा आहे. ‘पालकांचे सक्षमीकरण’ अशा पाट्या लावून पद रिकामे ठेवल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. म्हणून इथे जे मागितले आहे त्यात पालकाला काम नेमून देण्यापेक्षा त्याचे ओझे उतरवणे आधी येते. पालकाच्या तासात पहिले काम ऐकून घेण्याचे. दुसरे, कागद. अर्ज भरून देणे, तारीख घेऊन देणे, शाळेतून सिव्हिलला फोन करणे, कारण एका शिक्षकाच्या एका फोनने आईच्या तीन फेऱ्या वाचतात. घरी करायचे ते यानंतर, आणि तेही रोजच्या कामात बसणारे. भाकरीचे उदाहरण त्यासाठीच दिले. उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद 2016 च्या कायद्याच्या 24 व्या कलमात आहे. पालकांना शिकवायचे म्हणणाऱ्याने त्या भत्त्याची मागणी त्याच दमात केली पाहिजे, नाहीतर त्याने गप्प बसावे.

आणि बापाचे काय? ‘पालक’ म्हटले की सगळे आईच धरतात, ही प्रस्तावनाही आतापर्यंत बरीचशी तशीच चालली आहे, कारण वस्तुस्थिती तशी आहे. मूल असे जन्मले तर दोष सुनेच्या माहेरचा, तिच्या ग्रहणाच्या दिवशीच्या चिरण्या-कापण्याचा. बाप भगताकडे नेतो, नवस बोलतो, वर्षभर पैसे घालवतो, मग हात टेकतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्यालाही कोणी डॉक्टरच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत काही सांगितलेले नाही आणि भगत निदान समोर बसवून ऐकतो तरी. गावपातळीवर भगताशी स्पर्धा करायची तर त्याच्याइतका वेळ द्यावा लागेल. पालकाचा तास संध्याकाळी, बाप शेतातून किंवा दालमिलमधून परतल्यावर ठेवला तर तो येण्याची शक्यता तरी राहील.

यातूनच तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळते. ‘पालक येतच नाहीत, त्यांना पडलेली नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी फार असते. बैठक बुधवारी सकाळी अकराला ठेवायची आणि मजूर आला नाही म्हणून त्याला आस्था नाही म्हणायचे, हे बरोबर नाही. दिवाळीनंतर चाळीसगाव भागातली कितीतरी घरे ऊसतोडीला जातात, धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली गुजरातेत. मूल बरोबर जाते किंवा आजीपाशी राहते. पालकाचे वेळापत्रक हंगामावर चालते, शाळेचे घंटेवर. दोघांपैकी ज्याला पगार मिळतो त्याने जुळवून घ्यावे.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या दर मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंतची तरतूद आहे, ती अपुरी आहे हे मान्य. पण पालकाच्या तासाला लागते ते मुख्यतः असलेल्या माणसाच्या वेळेचे फेरवाटप. इमारत लागत नाही. साहित्य पेटीत कुलूपबंद पडून राहण्यापेक्षा तेवढा खर्च प्रवासभत्त्यावर झाला तर बरे.

आणखी एक मुद्दा निवासी शाळांचा. अनेक पालकांना, विशेषतः स्थलांतर करणाऱ्यांना, मूल निवासी विशेष शाळेत घालणे हाच एक मार्ग वाटतो. काहींसाठी तो खरोखरच योग्य असतो, बहिऱ्या मुलांना तर तिथे खाणाखुणांची भाषा आणि आपल्यासारखे सोबती मिळतात. पण सुट्टीत घरी आलेल्या मुलाशी घरातले कोणीच त्या भाषेत बोलू शकत नसेल, तर ते आपल्याच घरात पाहुणे होते. म्हणजे निवासी शाळेलाही पालकाचा तास टळत नाही, उलट तिथे तो जास्त लागतो.

महाराष्ट्रातल्या या कामाचा इतिहासही हेच सांगतो. 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी करणाऱ्या मिठू अलूर या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई. शेजारच्या नाशिकमध्ये 1977 साली प्रबोधिनी सुरू करणाऱ्या रजनी लिमये यांचा मुलगा मतिमंद होता. दिल्लीत स्वमग्न मुलांसाठी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ काढणाऱ्या मेरी बरुआ याही अशाच एक आई. त्यांच्या संस्थेत पालक आणि मूल दोघांना एकत्र शिकवण्याचा वर्ग चालतो. 1995 मध्ये पालक-संघटनांचा ‘परिवार’ हा देशव्यापी महासंघ झाला. सरकार जागे होण्याआधी पालक उभे राहिले, हे खरेच आहे. मात्र यावरून ‘पालकांनीच संस्था काढाव्यात’ असा निष्कर्ष काढणे चूक. या बायका शिकलेल्या होत्या, शहरात होत्या, अधिकाऱ्याच्या टेबलापुढे बसून बोलू शकत होत्या. शिंदखेड्याच्या शेतमजुराकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्याला आधी दुसरे चार पालक भेटवून द्यावे लागतील. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात महिन्यातून एकदा अशा पालकांना एकत्र बसवले तर ती सुरुवात होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांत वंचित घटकांना प्रमाणात जागा द्यायची असते. अपंग मुले 2012 पासून त्या घटकात आहेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या किती समित्यांवर अशा मुलाची आई किंवा बाप आहे, हे जिल्हा परिषदेने मोजून जाहीर करावे.

पुढची प्रकरणे मुलाच्या वयाच्या क्रमाने लावली आहेत: अंगणवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, आणि अठरानंतर. शेवटचे प्रकरण बहुतेक पालक शेवटी वाचतील, त्यांनी ते आधी वाचावे अशी विनंती. मूल अठराचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते आणि आई-बाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे बँकेत खाते उघडायला गेल्यावर कळते तेव्हा फार धावपळ होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा असतो, आई-बापांना तो करता येतो आणि नातेवाइकांनाही. आपल्यानंतर याचे कोण, असे प्रत्येक आई-बाप रात्री स्वतःला विचारतात. त्याचे पूर्ण उत्तर त्या अर्जात नाही, पण अर्जाचा नमुना, लागणारी कागदपत्रे आणि कोणत्या शाखेत द्यायचा ते त्या प्रकरणात दिले आहे. मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची होताच कागद जमवायला लागावे.